माझ्या हातात बंद पडत नाही

आमची गाडी बंद पडायची ती माझ्या बायकोच्या हातात. माझ्या हातात ती एकदाही बंद पडली नाही. या दोन वाक्यांवरून मी जो निष्कर्ष काढला, त्याबद्दल हा लेख आहे. मी तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं, हेही आधीच सांगून टाकतो. नंतर सांगायला जास्त लाज वाटेल.

आम्ही बडोद्याला राहतो. गाडी साधी, लहान, पेट्रोलवर चालणारी, दहा वर्षांची. मी ती सकाळी चालवतो. कमाटी बागेत फिरायला जायचं, येताना भाजी घ्यायची, बस. बायको ती दुपारी चालवते. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला आठवड्यातून तीन दिवस व्यायामासाठी अलकापुरीत न्यावं लागायचं आणि तिथली वेळ मिळाली ती साडेबाराची. मार्च संपत आला होता. एके दिवशी घरी आल्यावर बायको म्हणाली, “अहो, गाडी सिग्नलला उभी केली की इंजिन दबतं. आज दोनदा बंद पडली. पंप जातोय बहुतेक.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम लक्ष देऊन गाडी चालवली. चार ठिकाणी उभी केली. इंजिन शांतपणे गुरगुरत राहिलं. मी घरी येऊन सांगितलं, “काही नाही गं, व्यवस्थित आहे.”

पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा सांगितलं, मी पुन्हा पाहिलं, पुन्हा काही नव्हतं. मग गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी संगणक जोडला. संगणकाने एकही दोष दाखवला नाही. तरी त्यांनी प्लग आणि पेट्रोलचा फिल्टर बदलला, चार हजारांच्या वर बिल केलं, आणि किल्ली माझ्या हातात देताना तिथला तरुण हसून म्हणाला, “मॅडमना सांगा, क्लच जरा सावकाश सोडा.” मॅडम बावीस वर्षं गाडी चालवत होत्या. मीही हसलो. त्या हसण्याची आठवण मला अजून त्रास देते.

तक्रार थांबली नाही. मग ओळखीच्या एका गॅरेजवाल्याने एक स्क्रू फिरवून ‘स्लो’ वाढवून दिला. म्हणजे पाय काढल्यावर इंजिन ज्या वेगाने फिरत राहतं, तो वेग थोडा चढवला. त्यानंतर दोन-तीन आठवडे घरात गाडीचा विषय निघाला नाही. मे उजाडला. मी मनातल्या मनात प्रकरण मिटवून टाकलं.

ते पुन्हा उघडलं आईने. एका संध्याकाळी ती सहज म्हणाली, “अरे, तिला सांग, गाडीतला एसी सारखा बंद करू नको म्हणून. जीव घाबरतो माझा.” मी चौकशी केली तेव्हा कळलं ते असं. गाडी पूर्वीसारखीच बंद पडत होती. मधल्या काळात ती एकदा अलकापुरीच्या गरनाळ्यात, रेल्वेखालच्या त्या चढावर बंद पडली होती, मागे ट्रक हॉर्न वाजवत असताना. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग दगडासारखं होतं, आणि ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन वेळा पाय दाबला की संपते. बायकोने हँडब्रेक ओढून गाडी धरली, पुन्हा सुरू केली आणि बाहेर काढली. त्या दिवसापासून ती प्रत्येक सिग्नलच्या आधी एसी बंद करत होती, गिअर काढून टाचेने ब्रेक आणि चवड्याने ॲक्सिलरेटर दाबून धरत होती. बाहेर बेचाळीस अंश.

“मला का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“सांगितलं होतं की,” ती म्हणाली. “चार वेळा.”

ती सांगायची थांबली होती आणि मी ते थांबणं गाडी दुरुस्त झाल्याचा पुरावा म्हणून जमेला धरलं होतं.

आता माझ्या विषयाकडे येतो. भारतीय तर्कपरंपरेत एक जुना प्रश्न आहे. एखादी गोष्ट नाही, हे आपल्याला कशावरून कळतं? जमिनीवर घडा नाही, हे मला डोळ्यांनी दिसतं, की घडा दिसत नाही यावरून कळतं? कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक म्हणाले, न दिसणं हे स्वतंत्र प्रमाणच आहे. त्याला त्यांनी अनुपलब्धी म्हटलं. नैयायिकांना ते स्वतंत्र प्रमाण मान्य नव्हतं. बौद्धांमध्ये धर्मकीर्तीने तिला अनुमानात बसवलं. एकमेकांना धारेवर धरणारे हे सगळे लोक एका अटीवर मात्र सहमत होते. न दिसण्यावरून ‘नाही’ असं म्हणायचं असेल, तर ती वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असायला हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, एवढ्यावरून घडा नाही असं म्हणता येत नाही. आधी दिवा लावावा लागतो. मीमांसक याला योग्यानुपलब्धी म्हणतात. नुसतं न दिसणं पुरत नाही, ते न दिसणं योग्य असावं लागतं.

हे मी किती वर्गांना शिकवलं असेल! विद्यार्थ्यांना हा भाग सोपा वाटायचा. इतकी उघड गोष्ट सांगायला शास्त्र कशाला, असा भाव त्यांच्या तोंडावर असायचा. आणि मी स्वतः रोज सकाळी अंधाऱ्या खोलीत घडा शोधून येत होतो.

कारण माझी सकाळ आणि तिची दुपार या दोन वेगळ्या गाड्या होत्या. ते मला दाखवलं प्रतापनगरच्या बाजूला छोटं गॅरेज असलेल्या एका वयस्क उस्तादाने. त्यांच्याकडे आम्ही दोघं गेलो. मी बोलायला सुरुवात केली. त्यांनी दोन वाक्यं ऐकून घेतली आणि विचारलं, “चलावे छे कोण?” चालवतं कोण? मी बायकोकडे बोट दाखवलं. त्यानंतर अर्धा तास ते माझ्याशी बोलले नाहीत.

“बेन, बंध थाय त्यारे एसी चालू होय छे?” बंद पडते तेव्हा एसी चालू असतो का? असतो. बंद पडण्याआधी झटके देते, की हळूहळू दबत जाते, की एकदम दिवा विझल्यासारखी जाते? दबत जाते. पुन्हा लगेच सुरू होते, की थांबावं लागतं? लगेच. रस्त्यावर वेगात असताना कधी ओढ कमी पडली? नाही. वळताना, पार्किंगमध्ये, स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर? ती थोडी थांबली. “हो,” म्हणाली, “तेव्हा तर नक्कीच.” हे मला तिने कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

प्रत्येक उत्तरासरशी उस्तादांच्या मनातला एकेक संशयित सुटत होता, हे मला नंतर समजलं. पंप कमकुवत झाला असता तर गाडी वेगात असताना, जोर लागताना जास्त कुरकुरली असती. क्रँकचा सेन्सर गरम होऊन जात असता तर इंजिन दबत न जाता एकदम गेलं असतं आणि बहुतेक वेळा थंड झाल्याशिवाय सुरू झालं नसतं. प्लग किंवा कॉइलची गडबड असती तर झटके आले असते. राहिलं काय? पाय काढल्यावर इंजिनाला जी थोडीशी हवा मिळते, ती. उभ्या गाडीत ॲक्सिलरेटरचा पडदा जवळजवळ बंद असतो. इंजिन जिवंत राहतं ते बाजूच्या एका बारीक वाटेने येणाऱ्या हवेवर. त्या वाटेवर एक छोटा व्हॉल्व्ह असतो. एसीचा काँप्रेसर सुरू झाला, रेडिएटरचा पंखा लागला, स्टिअरिंगच्या मोटरने वीज ओढली, की इंजिनावर भार पडतो, आणि त्याच क्षणी गाडीचा संगणक त्या व्हॉल्व्हला थोडं जास्त उघडायला सांगतो. गरम इंजिन मिनिटाला साधारण आठशे फेऱ्यांवर तोलून धरलेलं असतं. व्हॉल्व्ह काजळीने जड झाला असेल तर तो उशिरा उघडतो किंवा पुरेसा उघडत नाही. तेवढ्यात फेरे पाचशेवर येतात आणि इंजिन मान टाकतं.

सकाळी यातलं काहीही नसतं. इंजिन थंड असलं की संगणक त्याला आपणहून जास्त हवा देतो, फेरे हजाराच्या वर असतात, दबायला जागा असते. एसी बंद, पंखा बंद, रस्ता मोकळा. व्हॉल्व्ह अडकलेला असला तरी त्याच्याकडून कुणी काही मागतच नाही. जो नोकर कधी बोलावला जात नाही, तो आजारी आहे हे मालकाला कसं कळणार?

न्यायभाष्यात वात्स्यायनांनी अनुमानाच्या एका प्रकाराचं उदाहरण दिलंय. नदीला पूर आलेला दिसला, गढूळ पाणी वेगाने वाहताना दिसलं, की वर कुठेतरी पाऊस झाला असणार असं आपण ओळखतो. कार्यावरून कारणाकडे जायचं. त्याच प्रकाराचा दुसरा अर्थही त्यांनी दिला आहे. एकेक शक्यता वगळत गेल्यावर जी उरते ती स्वीकारायची. उस्ताद दोन्ही करत होते. पण दोन्हींची सुरुवात एकाच ठिकाणी होते. पूर आला होता, हे आधी मान्य करावं लागतं. नदीकाठी राहणाऱ्या बाईने पूर पाहिला आणि मी सकाळी जाऊन कोरडं पात्र बघून ‘पाऊस झालाच नाही’ म्हणालो, तर पुढचं सगळं तर्कशास्त्र निरुपयोगी आहे.

दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणाऱ्या ज्ञानाला नैयायिक शब्द प्रमाण म्हणतात. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान यांच्या शेजारी गौतमांनी त्याला चौथी जागा दिली. ज्याच्या शब्दावर विसंबावं तो आप्त. आप्त कोण, याचं वात्स्यायनांनी केलेलं वर्णन मला नेहमी आवडत आलं आहे. ज्याने ती गोष्ट स्वतः अनुभवली आहे आणि जशी अनुभवली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. आणि हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू आहे, असं ते म्हणतात. जात, पद, पदवी काही नाही. दुपारी बारा चाळीसला गरनाळ्याच्या चढावर गाडीत कोण होतं, एवढाच प्रश्न. मी वर्गात नैयायिक होतो, घरी येऊन चार्वाक झालो. माझ्या डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं. बिचारा चार्वाकसुद्धा इतकं म्हणाला नसता की माझे डोळे सकाळी उघडतात, म्हणून दुपार नसतेच.

माझ्या बाजूने एक मुद्दा आहे आणि तो मी दडवणार नाही. बायकोने ‘पंप जातोय’ असं म्हटलं होतं. पंप जात नव्हता. सांगणाऱ्याचं सगळंच खरं मानलं असतं तर आम्ही नवा पंप बसवून बसलो असतो, सर्व्हिस सेंटरच्या बिलाच्या दुप्पट पैसे घालवून, आणि गाडी तशीच बंद पडत राहिली असती. म्हणजे संशय हवाच. न्यायशास्त्रात तर संशय हा सोळा पदार्थांपैकी एक आहे. संशयाशिवाय विचारच सुरू होत नाही. मग माझं चुकलं कुठे?

मला वाटतं, तक्रारीत दोन गोष्टी एकत्र बांधून आलेल्या असतात. काय घडलं, हे एक. ते का घडलं असावं, हे दुसरं. माणूस घाबरलेला असला की या दोहोंची गाठ घट्ट बसते. आजारी माणूस डॉक्टरला ‘छातीत दुखतं’ असं न सांगता ‘गॅस झालाय’ असं सांगतो. ऐकणाऱ्याचं पहिलं काम ती गाठ सोडवणं. उस्तादांनी पंपाविषयीचं तिचं मत ऐकलं, मान हलवली आणि बाजूला ठेवलं. इंजिन दबत जातं, हे मात्र त्यांनी हातात घट्ट धरलं. मी उलट केलं. तिचं कारण चुकीचं वाटतंय, म्हणून तिचा अनुभवही चुकीचा ठरवला. माझा संशय गाडीवर असायला हवा होता, तो मी गाडी चालवणारीवर घेतला. हा संशय सोयीचा असतो. त्यात हात काळे होत नाहीत.

मिरांडा फ्रिकर या तत्त्वचिंतिकेने २००७ साली आपल्या पुस्तकात या अन्यायाला नाव दिलं. बोलणाऱ्याविषयीच्या पूर्वग्रहामुळे त्याच्या शब्दाला त्याच्या हक्कापेक्षा कमी वजन देणं, हा त्याच्यावर जाणता माणूस म्हणून केलेला अन्याय आहे, असं तिचं म्हणणं. ख्रिस्टी डॉट्सन या दुसऱ्या अभ्यासिकेने २०११ मध्ये त्याच्या पुढची पायरी दाखवली. समोरचा ऐकणार नाही हे ओळखून माणूस आपली साक्ष स्वतःच आवरती घेतो. मला ही पायरी जास्त भयंकर वाटते, कारण ती बाहेरून समाधानासारखी दिसते. घरात, कचेरीत, दवाखान्यात ‘आता काही तक्रार नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा दोष गेलेला असतो की सांगणारा थकलेला असतो, हे नुसत्या शांततेवरून कळत नाही.

वैद्यकाला हा प्रश्न आधी भेटला होता. छातीत अधूनमधून धडधडतं म्हणून आलेल्या माणसाचा आलेख दवाखान्यात काढला की तो बहुधा सरळ येतो. नॉर्मन होल्टर या अमेरिकी संशोधकाने यंत्रच रोग्याबरोबर पाठवायचं ठरवलं. त्याचं सुरुवातीचं यंत्र पाठीवर वाहायचं होतं आणि त्याचं वजन होतं सुमारे ३८ किलो. आज ते खिशात मावतं. त्यामागचा विचार मला नैतिक वाटतो. तुझा त्रास माझ्या खोलीत दिसत नाही, तर माझी खोली तुझ्यामागे पाठवतो.

उस्तादांकडे तसलं यंत्र नव्हतं. ते म्हणाले, उद्या साडेबाराला या. दुसऱ्या दिवशी भर उन्हात ते बायकोच्या शेजारी बसले, मी मागे. एसी चालू, दिवे चालू. पहिल्या थांब्यावर काही नाही. दुसऱ्या थांब्यावर काही नाही. मला कबूल केलं पाहिजे की माझ्या मनात एक नीच आशा उगवली. तिसऱ्या ठिकाणी त्यांनी स्टिअरिंग पूर्ण वळवायला सांगितलं. इंजिन थरथरलं, दबलं आणि बंद पडलं.

गाडी बंद पडल्याचा एवढा आनंद मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता. बायको मागे वळून माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. ती वळली नाही. उस्तादांकडे बघून म्हणाली, “जोयुं?” बघितलंत?

थ्रॉटल बॉडी खोलली तेव्हा आतली वाट काजळीने अर्धी भरलेली होती. मागच्या गॅरेजवाल्याने फिरवलेला स्क्रूही त्यांनी पूर्ववत केला. त्या स्क्रूने दोष गेला नव्हता, नुसता तीन आठवडे झाकला गेला होता, आणि तोवर काजळी चढतच होती. साफसफाईचे साडेसहाशे रुपये घेतले. “हवे नहीं थाय ने?” मी विचारलं. आता नाही ना होणार? त्यांनी खांदे उडवले. अंदाज बरोबर आहे असं वाटतं, म्हणाले, पण बेनला पंधरा दिवस दुपारी चालवू दे आणि बेनने मला सांगू दे. दुरुस्ती झाली की नाही, हे ठरवण्याचा अधिकारही त्यांनी तिच्याकडेच ठेवला.

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. गाडी पुन्हा बंद पडलेली नाही. निदान तसं ती सांगते, आणि मी अधूनमधून विचारतो. आईचा गुडघा बरा आहे. परवा आम्ही तिघं दुपारचे अलकापुरीला निघालो होतो. गाडी बायको चालवत होती. गरनाळा जवळ आला तसा तिचा डावा हात गिअरवरून उचलला गेला आणि तिने एसी बंद केला. चढ संपल्यावर पुन्हा लावला. तिला स्वतःला ते कळलंही नसावं.

‘आता काही होत नाही गं’ हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मी काच खाली केली.